सहा आठवडे म्हणजे नेमके किती?

२९ ऑगस्ट २०२४. अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीला जेमतेम दोन महिने उरले होते. डोनाल्ड ट्रम्प यांना एका वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीने फ्लोरिडाबद्दल विचारले. त्या राज्यात सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी होती, ती उठवण्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी की नाही यावर नोव्हेंबरमध्ये मतदान व्हायचे होते आणि ट्रम्प स्वतः फ्लोरिडाचे मतदार. मग ते मत काय देणार? सहा आठवड्यांची मुदत फारच तोकडी आहे, बायकांना जास्त वेळ मिळायला हवा आणि आपण सहापेक्षा जास्त आठवड्यांसाठीच मत देणार, असे ट्रम्प म्हणाले. गर्भपातविरोधी संघटनांमध्ये खळबळ उडाली. प्रचार यंत्रणेने लगेच सारवासारव सुरू केली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाहिनीवर त्यांचे उत्तर असे होते: सहा आठवडे कमीच आहेत, पण आपण दुरुस्तीच्या विरोधात मत देऊ.

चोवीस तासांत फिरलेल्या या उत्तरावर अमेरिकी वृत्तपत्रांनी रकाने भरले. पुढाऱ्याने शब्द फिरवावा यात तसे नवल नाही. पण दोन्ही दिवशी ‘सहा आठवडे’ हा आकडा मात्र सगळे जण असा वापरत होते, जणू त्याचा अर्थ साऱ्यांना ठाऊकच आहे. तो अनेकांना ठाऊक नसतो, आणि कायदे करणाऱ्यांतल्याही कित्येकांना नसतो.

कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दिवस गेल्याची शंका घेऊन गेलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कधी आली होती? गर्भधारणेचे आठवडे त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. याचे कारण साधे आहे. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे बहुतेकींना सांगता येत नाही. पाळीची तारीख मात्र सांगता येते. पण २८ दिवसांच्या नियमित चक्रात स्त्रीबीज बाहेर पडते ते साधारण चौदाव्या दिवशी. म्हणजे या हिशेबातल्या पहिल्या दोन आठवड्यांत ती स्त्री गरोदर नसतेच. फलन झाल्यावर गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला आणखी सहा ते दहा दिवस जातात. पाळी चुकते तेव्हा कागदावर चार आठवडे होऊन गेलेले असतात. सहा आठवड्यांतून चार असे वजा झाले की हातात उरतात दोन.

तेही सगळे जुळून आले तर. ज्यांची पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते, ज्यांना पीसीओएसचा त्रास आहे, ज्या अंगावर पाजत आहेत किंवा ज्यांची पाळी जाण्याचे वय जवळ आले आहे, त्यांच्या बाबतीत ‘पाळी चुकली’ हे कळायलाच सहा आठवडे उलटून जातात. कळल्यावर घरी चाचणी, मग डॉक्टरांची वेळ, त्यासाठी सुट्टी आणि पैशांची जुळवाजुळव. फ्लोरिडाच्या कायद्यात भर म्हणून डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटल्यानंतर किमान २४ तास थांबण्याची अट आहे. म्हणजे फेऱ्या दोन.

हा कायदा फ्लोरिडाचे गव्हर्नर आणि ट्रम्प यांचे त्या वेळचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी रॉन डिसँटिस यांनी एप्रिल २०२३ मध्ये रात्री उशिरा सही करून मंजूर केला. त्याच्या नावात ‘हार्टबीट’ हा शब्द आहे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत बारीकशी फडफड दिसू लागते, तिच्यावरून हे नाव. त्या वेळी भ्रूण मसुरीच्या दाण्याएवढे असते. हृदयाचे चार कप्पे अजून तयार व्हायचे असतात. पेशींच्या एका नळीत विद्युत संदेश उमटू लागलेले असतात आणि यंत्र त्यांची हालचाल टिपते. म्हणूनच अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना या टप्प्यावर ‘हृदयाचे ठोके’ म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या अचूक मानत नाही. ज्यांना गर्भपात तत्त्वतःच अमान्य आहे त्यांना या तपशिलाने फरक पडत नाही, आणि त्यांनी तो पडू द्यावा असेही नाही. पण कायद्याची रेघ शरीरातल्या एखाद्या घटनेवर ओढायची, तर ती घटना काय आहे हे सांगायला हवे.

ट्रम्प यांच्या भूमिकांचा प्रवास सुरू होतो तो अशा कोणत्याही रेघेविना. ऑक्टोबर १९९९ मध्ये, रिफॉर्म पक्षाकडून अध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याचा विचार चालू असताना, एनबीसीच्या ‘मीट द प्रेस’ कार्यक्रमात त्यांनी आपण पूर्णपणे ‘प्रो-चॉइस’, म्हणजे स्त्रीच्या निर्णयाच्या बाजूचे, असल्याचे सांगितले. गर्भपाताची कल्पना आपल्याला आवडत नाही, पण निवड तिची, असा त्यांचा सूर होता. गर्भारपणाच्या उत्तरार्धातील एका विशिष्ट पद्धतीवर बंदी घालाल का, यालाही ‘नाही’ असे उत्तर आले. नंतरच्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्यांनी लिहिले की कार्यक्रमानंतर आपण दोन डॉक्टरांशी बोललो आणि त्या पद्धतीवर बंदी असावी असे आपले मत झाले. या सगळ्या प्रवासात, डॉक्टरांकडून माहिती घेऊन मत बदलले असे त्यांनी स्वतः नोंदवलेले हे ठळक उदाहरण.

२०११ मध्ये, पुन्हा उमेदवारीचे वारे वाहत असताना, परंपरावाद्यांच्या वार्षिक परिषदेत ते ‘प्रो-लाइफ’ म्हणून उभे राहिले. कारण त्यांनी पुढे अनेकदा सांगितले: ओळखीच्या एका जोडप्याला मूल नको होते, गर्भपात करायचा विचार होता, तो झाला नाही, आणि आज ते मूल उत्तम निघाले आहे. अशा गोष्टीने माणसाचे मन बदलू शकते. तिच्यातून कायदा कसा लिहायचा, हा प्रश्न मार्च २०१६ मध्ये समोर आला. बंदी घातली तर गर्भपात करणाऱ्या स्त्रीला शिक्षा व्हावी का, असे एका जाहीर मुलाखतीत खोदून विचारल्यावर ट्रम्प म्हणाले, काही ना काही शिक्षा असावी लागेल. काही तासांत निवेदन निघाले: शिक्षा डॉक्टरला, स्त्री ही पीडितच. त्याच आठवड्यात आणखी एका मुलाखतीत त्यांनी सध्याचे कायदे आहेत तसे राहू द्यावेत असे सुचवले आणि त्यावरही खुलासा करावा लागला. एका आठवड्यात तीन भूमिका. गर्भपातविरोधी चळवळीलासुद्धा स्त्रीला तुरुंगात धाडण्याची भाषा नको होती, हे बहुधा त्यांना ठाऊक नव्हते.

मत बदलणारे ते एकटे नव्हेत. रोनाल्ड रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि पुढे ते गर्भपातविरोधी राजकारणाचे दैवत बनले. जो बायडेन यांनी गर्भपातासाठी केंद्राचा पैसा वापरण्यावरील निर्बंधाला कित्येक दशके पाठिंबा दिला. जून २०१९ मध्ये त्यांच्या प्रचार यंत्रणेने तो कायम असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी बायडेन यांनी तो सोडला. दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेऱ्या उमेदवाराला एका टोकाकडे ओढतात, मुख्य निवडणूक पुन्हा मध्याकडे. ट्रम्प यांच्या बाबतीत या ओढाताणीच्या खुणा आठवड्यांच्या आकड्यांत दिसतात.

पहिला आकडा वीस. अध्यक्ष झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, त्यांनी सिनेटला वीस आठवड्यांनंतर देशभर बंदी घालणारे विधेयक मंजूर करण्याचे आवाहन केले. ते ५१ विरुद्ध ४६ असे अडकले. पुढे जाण्यासाठी ६० मते लागतात. गंमत अशी की त्या विधेयकात वीस आठवडे मोजले होते ते फलनापासून. दवाखान्यातल्या हिशेबाने ते बावीस होतात. म्हणजे अमेरिकेच्या राजकारणात एकाच वेळी दोन घड्याळे चालू होती: सहाचा आकडा पाळीपासूनचा, विसाचा फलनापासूनचा. मतदाराने दोन्ही एकाच फुटपट्टीने मोजले तर चूक त्याची नव्हे.

या टप्प्याला वैद्यकीय महत्त्व मोठे आहे. गर्भाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान होते. मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडे यांतील गंभीर व्यंगे अनेकदा तेव्हाच पहिल्यांदा नजरेस पडतात. मुंबईकरांना हे ऐकून २००८ मधील एक प्रकरण आठवेल. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे कळलेल्या एका दांपत्याने गर्भपाताच्या परवानगीसाठी उच्च न्यायालयात धाव घेतली होती. १९७१ च्या कायद्यातली वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. परवानगी नाकारली गेली. भारताने ती मर्यादा ठरावीक गटांसाठी चोवीसवर नेली ती २०२१ मध्ये, आणि गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने ती लागूच होत नाही. सोनोग्राफीचे तंत्र पुढे गेले तसा कायद्याला, उशिरा का होईना, आकडा बदलावा लागला.

अमेरिकेत आकडा उलट्या दिशेने सरकला. ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायमूर्तींच्या साथीने सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ हा १९७३ चा निकाल रद्द केला. तोवर गर्भ आईच्या पोटाबाहेर जगू शकेल अशी अवस्था येईपर्यंत राज्यांना सरसकट बंदी घालता येत नव्हती. ही अवस्था ठरावीक तारखेला येत नाही. बावीस आठवड्यांचे मूल फार थोड्या वेळा वाचते. चोविसाव्या आठवड्याचे, सुसज्ज अतिदक्षता विभागात, निम्म्याहून अधिक वेळा. वजन, फुप्फुसांची वाढ, रुग्णालय कोणते, यावर सारे अवलंबून. डॉक्टरांचा अंदाज ही त्या जुन्या व्यवस्थेची कमजोरी होती आणि तिचे बळही.

निकालाचे श्रेय ट्रम्प यांनी पुढे उघडपणे घेतले. पण त्याच नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला अपेक्षित यश मिळाले नाही, तेव्हा वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी दोष दिला तो गर्भपाताचा विषय नीट न हाताळणाऱ्या, विशेषतः अपवादही नको म्हणणाऱ्या, आपल्याच पक्षातील उमेदवारांना. सप्टेंबर २०२३ मध्ये, चोवीस वर्षांनी पुन्हा ‘मीट द प्रेस’मध्ये, त्यांनी डिसँटिस यांच्या सहा आठवड्यांच्या कायद्याला भयंकर चूक म्हटले. मार्च २०२४ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत पंधरा आठवड्यांवर लोकांचे एकमत होत असल्याचा इशारा दिला. आणि ८ एप्रिल रोजी चित्रफीत काढून सांगितले की आकडा राज्यांनी ठरवावा. दुसऱ्याच दिवशी ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४ चा, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातला, जवळजवळ संपूर्ण बंदीचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. राज्यांवर सोपवा म्हणणाऱ्या ट्रम्प यांना एका राज्याने मर्यादा ओलांडल्याचे म्हणावे लागले. पुढच्या महिन्यात ॲरिझोनाने तो कायदा रद्द केला.

पंधरा हा आकडा मधला वाटतो, म्हणून राजकारण्यांना आवडतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार सुमारे ९३ टक्के गर्भपात तेरा आठवड्यांपर्यंत उरकलेले असतात आणि एकविसाव्या आठवड्यानंतरचे साधारण एक टक्का. २०१६ च्या वादचर्चेत ट्रम्प यांनी नवव्या महिन्यात मूल पोटातून ओढून काढतात असे जे चित्र रंगवले होते, त्याला वैद्यकीय व्यवहारात आधार नाही. नवव्या महिन्यात आईचा जीव धोक्यात आला तर डॉक्टर प्रसूती करतात. पण पंधरानंतरच्या थोड्या प्रकरणांत कोण असते हेही पाहावे लागते. उशिरा कळलेल्या किशोरी असतात, पैसे जमवता जमवता दिवस गेलेल्या बायका असतात, आणि ज्यांना मूल हवे होते अशा माताही असतात. गर्भजल काढून गुणसूत्रांची तपासणी करतात ती पंधराव्या आठवड्यापासून पुढे, आणि पूर्ण अहवाल यायला दोन आठवडे लागू शकतात. कायद्याचे दार बंद होते त्याच सुमारास ही तपासणी सुरू होते.

एका बाबतीत मात्र ट्रम्प बऱ्यापैकी ठाम राहिले: बलात्कार, जवळच्या नात्यातील लैंगिक अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका, हे तीन अपवाद. रेगन यांच्याप्रमाणेच, असे ते आवर्जून सांगत. ऐकायला ही भूमिका समंजस आहे, आणि बहुसंख्य अमेरिकनांना ती पटतेही. अडचण येते ती रुग्णालयातल्या खाटेपाशी. ‘जिवाला धोका’ नेमका कधी सुरू होतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सासमधील एका महिलेची गर्भजलाची पिशवी अठराव्या आठवड्यात फुटली. उपचार घेऊन, खूप वाट पाहून राहिलेला हा गर्भ. इतक्या लवकर पाणी गेल्यावर बाळ वाचण्याची आशा जवळपास नसते, आणि उघड्या पिशवीतून जंतू गर्भाशयात शिरण्याचा धोका दर तासाला वाढतो. अशा वेळी गर्भाशय रिकामे करण्याचा पर्याय देणे हा प्रसूतिशास्त्रातला प्रस्थापित उपचार. पण गर्भाच्या हृदयाची हालचाल चालू होती, आणि टेक्सासमध्ये चुकलेल्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकते. डॉक्टर थांबले. तिच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावर उपचार झाले. ती वाचली, गर्भाशयाला झालेल्या इजेमुळे पुन्हा मूल होणे अवघड झाले. एप्रिल २०२३ मध्ये तिने सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. बेळगावहून आयर्लंडला गेलेली ३१ वर्षांची दंतवैद्य २०१२ मध्ये गॅलवेच्या रुग्णालयात गेली ती जवळपास याच वाटेने. तीही सतराव्या आठवड्यात होती. तिच्या मृत्यूने आयर्लंड हादरला आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक लोकांनी राज्यघटनेतील बंदी हटवली.

या दोन्ही ठिकाणी आईच्या जिवासाठी अपवाद होता. कागदावर.

‘जीव’ आणि ‘आरोग्य’ या दोन शब्दांतले अंतर डॉक्टरला तासांत मोजावे लागते: ताप येईपर्यंत थांबायचे, की रक्तदाब उतरेपर्यंत? फ्लोरिडातील दुरुस्तीच्या मसुद्यात म्हणूनच गर्भ बाहेर जगू शकण्याच्या अवस्थेपूर्वी बंदी नको, आणि त्यानंतर आईच्या आरोग्यासाठी उपचार करणाऱ्याच्या मताने गर्भपाताची मुभा हवी, अशी शब्दयोजना होती. विरोधकांना नेमकी तीच सैल वाटली. ‘आरोग्य’ या शब्दात काहीही बसवता येईल, अशी त्यांची भीती. तिच्यावर गंभीर वाद होऊ शकला असता. प्रचारात तो फारसा झाला नाही.

गोळ्यांबाबतही असेच. २०२३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ६३ टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले. त्यांतल्या मिफेप्रिस्टोन या गोळीवर आपली भूमिका दोन आठवड्यांत जाहीर करू, असे ट्रम्प यांनी एप्रिल २०२४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाला सांगितले. दोन आठवडे गेले, निवेदन आले नाही. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळीविरुद्धची याचिका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळल्यानंतर, आपण गोळी अडवणार नाही असे ते वादचर्चेत म्हणाले. आणि फेब्रुवारीत अलाबामाच्या न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेल्या भ्रूणांना ‘मुले’ ठरवल्यावर तिथल्या काही वंध्यत्व केंद्रांनी काम थांबवले, तेव्हा ट्रम्प यांनी आठवड्याभरात टेस्ट ट्यूब बेबी उपचारांची बाजू घेतली. ऑगस्टच्या त्या २९ तारखेलाच त्यांनी या उपचारांचा खर्च सरकार किंवा विमा कंपन्या उचलतील असे आश्वासनही दिले. फलनाच्या क्षणापासून मोजणाऱ्यांचे समाधान यात कसे व्हायचे, हे त्यांच्या समर्थकांनाच कळेना.

१० सप्टेंबरच्या वादचर्चेत, संसदेने देशव्यापी बंदी मंजूर केली तर नकाराधिकार वापराल का, या प्रश्नाला त्यांनी बगल दिली. १ ऑक्टोबरच्या रात्री, उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादचर्चा चालू असताना, समाजमाध्यमावर मोठ्या अक्षरांत लिहिले: वापरेन.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी पाम बीचमधील केंद्रावर त्यांनी मतदान केले. बाहेर आल्यावर पत्रकारांनी विचारले, गर्भपाताच्या दुरुस्तीवर काय मत दिले? त्यांनी सांगितले नाही. पुन्हा विचारल्यावर, हा विषय आता बंद करा, असे म्हणाले. ते निवडणूक जिंकले. फ्लोरिडातील दुरुस्तीच्या बाजूने सुमारे ५७ टक्के मते पडली. राज्यघटना बदलायला तिथे ६० टक्के लागतात, त्यामुळे सहा आठवड्यांचा कायदा जागच्या जागी राहिला, आणि मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.